शेराला एक आणा

मण म्हणजे चाळीस शेर. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे. १८८८ साली इंग्रज सरकारनं मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला, तेव्हा हा हिशेब असा काही जुळून आला की तो करायला पाटीसुद्धा लागत नव्हती. शेरभर मिठामागं एक आणा सरकारचा. मिठाची किंमत वेगळी, हा नुसता कर. मीठ-मिरचीशी भाकरी खाऊन दिवस काढणाऱ्या शेतमजुरालाही तो चुकत नसे. उलट उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ जास्तच लागतं.

पुढच्या वीस वर्षांत हाच कर उतरत उतरत मणाला एक रुपयावर आला, म्हणजे शेराला पाच पैंपेक्षाही कमी. या उताराच्या वाटेवर पुण्याच्या एका प्राध्यापकाचं भाषण उभं आहे. ते ज्या सभागृहात झालं, तिथं भाषण करणाऱ्याला अर्थसंकल्पावर मत द्यायचा अधिकारच नव्हता. ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली तेव्हापासून तिचं नवल काही कमी झालेलं नाही.

तारीख २६ मार्च १९०२, गाव कलकत्ता. तेव्हा राजधानी तीच होती. व्हाइसरॉयच्या कायदे मंडळाची बैठक भरली होती आणि अध्यक्षस्थानी खुद्द लॉर्ड कर्झन. सभासद जेमतेम दोन डझन, त्यांतले बहुसंख्य सरकारी. त्यांच्यासमोर पस्तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले. गुहागरजवळच्या कोतळुकात जन्मलेले, फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळांतून चालत असे. या मंडळातलं हे त्यांचं अर्थसंकल्पावरचं पहिलंच भाषण.

सभागृहाची रीत समजून घेतल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. १८९२ च्या कायद्यापूर्वी नवा कर बसवायचा असेल तरच तिथं पैशांची चर्चा निघे. त्या कायद्यानं सभासदांना दरवर्षी अर्थसंकल्पावर बोलायची आणि प्रश्न विचारायची मुभा दिली. पण उपप्रश्न नाही, ठराव नाही, मतदान नाही. सगळ्यांची भाषणं व्हायची, शेवटी व्हाइसरॉय समारोप करायचे आणि अंदाजपत्रक आलं तसंच्या तसं पुढं जायचं. आज लोकसभेतला खासदार एखाद्या खात्याच्या मागणीतून फक्त शंभर रुपये कमी करा, अशी कपात सूचना देऊ शकतो. त्या शंभर रुपयांच्या आडून तो आपल्या भागाचं गाऱ्हाणं वेशीवर टांगतो. गोखल्यांच्या हाती तेही नव्हतं.

त्यांच्या हाती होता हिशेब.

त्या वर्षी सरकारच्या तिजोरीत सात कोटींवर शिल्लक पडली होती, पूर्वी कधी पडली नव्हती एवढी. अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांचं अभिनंदन चाललं होतं. गोखल्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही. १८९६-९७ चा दुष्काळ, त्यामागोमाग १८९९-१९०० चा त्याहून मोठा, मध्ये प्लेगनं रिकामी केलेली घरं. अशा वर्षांत तिजोरी फुगते, तर तो पैसा येतो कुठून?

उत्तर त्यांनी रुपयाच्या भावात शोधलं, आणि मला भाषणाचा हा भाग सगळ्यांत थोर वाटतो. दरवर्षी सरकारला सुमारे १ कोटी ७० लाख पौंड विलायतेत भरावे लागत. निवृत्तिवेतनं, कर्जाचं व्याज, लष्कराचा तिकडचा खर्च. देणं पौंडात, वसुली रुपयात. एक पौंड म्हणजे २४० पेन्स. चांदी घसरत गेली तसा रुपयाही घसरला आणि १८९४-९५ च्या सुमारास जेमतेम १३ पेन्सचा उरला. म्हणजे एका पौंडाला साडेअठरा रुपये मोजावे लागत. ही तूट भरून काढायलाच मिठाचा कर वाढवला होता आणि इतर करही बसवले होते. दरम्यान १८९३ साली सरकारनं टांकसाळी चांदीला बंद केल्या. रुपया दुर्मीळ झाला, भाव चढला आणि १६ पेन्सवर ठरला. आता पौंडाला पंधरा रुपये पुरू लागले.

प्रत्येक पौंडामागं साडेतीन रुपये वाचले. १ कोटी ७० लाखांनी गुणून पाहा, आकडा पाच कोटींच्या पुढं जातो. रुपया पडला म्हणून लादलेले कर मात्र रुपया सावरल्यावरही तसेच राहिले. शिल्लक म्हणजे देशाची भरभराट नव्हे, ही गोष्ट शाळकरी पोराला पटावी इतक्या सरळ गणितानं मांडली गेली. त्यात शेतकऱ्याची गत आणखी वाईट. माल परदेशी जाई तेव्हा त्याला रुपये कमी मिळत आणि शेतसारा त्याच महागलेल्या रुपयांत भरावा लागे.

आकडे बहुतेक सरकारच्याच अहवालांतले होते. न्यायमूर्ती रानड्यांनी गोखल्यांना वर्षानुवर्षं असे अहवाल चाळायला लावलं होतं. शाळेत शिकवता शिकवता अर्थकारणाचा ध्यास घेतलेले गणेश व्यंकटेश जोशी त्यांना भाषणांसाठी टिपणं आणि तक्ते तयार करून देत. एक मास्तर कागदावर आकडे उतरवतो, दुसरा ते व्हाइसरॉयसमोर उच्चारतो. सरकारला आपलेच आकडे खोटे म्हणायची सोय उरत नाही.

मागणी नेमकी होती. मिठाचा कर कमी करा आणि प्राप्तिकराची मर्यादा वर्षाला ५०० रुपयांवरून १००० करा. १९०३ च्या अर्थसंकल्पात मिठाचा कर दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा १००० झाली. १९०५ साली मीठ दीड रुपयावर, १९०७ साली एक रुपयावर. श्रेय एकट्या गोखल्यांचं नाही. तिजोरी भरलेली होती, इतर सभासदही बोलत होते. पण मत नसलेल्या माणसानं मागावं आणि वर्षभरात नेमकं तेच मिळावं, याचं आश्चर्य त्यानं कमी होत नाही. कर उतरल्यावर मिठाचा खप वाढला, तो आकडाही गोखले पुढच्या भाषणांत सरकारसमोर ठेवत राहिले.

सगळीकडे असं झालं नाही. लष्कराच्या खर्चावर ते वर्षामागून वर्षं बोलले, तो हलला नाही. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. तोवर कायदा बदलून मतदान आलं होतं. १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. त्या १३ मतांकडे पाहताना माझा जीव अजून हळहळतो. तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, गोखले गेले.

१९२३ साली सरकारनं मिठाचा कर पुन्हा अडीच रुपये करायचा घाट घातला. आता दिल्लीत निवडून आलेल्यांचं बहुमत असलेली विधानसभा होती आणि तिला मत होतं. तिनं तो कर नाकारला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी खास अधिकार वापरून तो तरीही लादला. पुन्हा शेराला एक आणा. पुढच्या वर्षी मात्र सरकारला माघार घ्यावी लागली. मणाला सव्वा रुपया, शेराला अर्धा आणा.