पहारेकरी नोड आणि ऐकण्याची किंमत

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यात, हलक्या मुरमाड जमिनीवरील डाळिंबाच्या बागेला ठिबकचे पाणी केव्हा सोडायचे आणि केव्हा तोडायचे यावर फळाची प्रत ठरते. हा निर्णय ओलावा मोजून एकमेकांना बिनतारी निरोप देणाऱ्या छोट्या यंत्रांवर, म्हणजे संवेदक-जाळ्यावर, सोपवला की त्या निरोपांचा खरेपणा हा बागायतदाराच्या वर्षभराच्या कमाईचा प्रश्न होतो. जाळ्यातील एकेका यंत्राला नोड म्हणतात. संशोधनात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या मायकाझेड नोडची कामाची स्मृती अवघी ४ किलोबाइट असून तो दोन पेन्सिल सेलवर चालतो.

एवढ्याशा यंत्रात कोण शिरणार, हा समज फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतील संशोधकांनी २००८ साली खोडून काढला. मुद्दाम घडवलेली डेटाची पाकिटे पाठवून मायकाझेडमध्ये परका प्रोग्राम कायमचा बसवता येतो आणि तो वर्म बनून, म्हणजे माणसाच्या मदतीवाचून स्वतःच्या प्रती शेजारच्या नोडकडे धाडत, पसरू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर डाळिंबावरील तेल्या रोग शेजारच्या झाडावर जातो, तसाच हा प्रसार रेडिओच्या टप्प्यातील शेजाऱ्यापासून सुरू होतो. त्याचा वेग मांडताना अभ्यासक साथरोगांच्या ज्या समीकरणांचा आधार घेतात, ती केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली मांडली आणि पडताळली ती मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगच्या साप्ताहिक मृत्युसंख्येवर.

४ किलोबाइटमध्ये अँटिव्हायरस मावत नाही, त्यामुळे पहारा शेजाऱ्यांवरच येतो. काही नोड आसपासची पाकिटे ऐकत राहतात आणि कोणी नेमापेक्षा जास्त बोलू लागला, दुसऱ्याचा निरोप गिळू लागला किंवा अवेळी जागा राहिला, तर केंद्राला खबर देतात. हे काम पहारेकऱ्याच्या जिवावर बेतणारे आहे, कारण मायकाझेडच्या रेडिओला पूर्ण शक्तीने निरोप पाठवताना १७.४ मिलिअँपिअर, तर नुसते ऐकताना १८.८ मिलिअँपिअर वीज लागते. अखंड ऐकणाऱ्या नोडचे सेल आठवडाभरही टिकत नाहीत. पहारा पाळीपाळीने द्यावा, तर पाळ्यांच्या मधल्या वेळात वर्म निसटतो.

असे असताना या विषयावरील अनेक शोधनिबंधांत केलेला ९९ टक्के अचूकतेचा दावा तपासून घ्यावा लागतो. त्यांतील बऱ्याच निबंधांत वापरलेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला डब्ल्यूएसएन-डीएस हा नोंदसंच संगणकावरील आभासी जाळ्यातून घेतलेला आहे. त्यातील ३,७४,६६१ नोंदींपैकी जवळजवळ ९१ टक्के निर्धोक आहेत, म्हणजे डोळे मिटून ‘सर्व ठीक’ म्हणणारा प्रोग्रामही ९१ टक्के अचूक ठरतो. उरलेल्या नोंदींत हल्ल्यांचे चार प्रकार आहेत, पण वर्म एकही नाही. आंबिया बहारात, एप्रिलचा पारा चाळिशीपार गेला असता, सेल उतरल्यामुळे पाकिटे गाळणारा निरोगी नोड त्या ९१ टक्क्यांत बसत नाही, आणि त्याला बाधित समजून जाळ्यातून तोडले तर त्याच्या भरवशावरील ओळीतील झाडे तहानेली राहतात. अशा शोधयंत्रणेची चाचणी बागेतच, बहार धरल्यापासून फळ उतरेपर्यंत, व्हायला हवी आणि किती वर्म सापडले याच्याआधी किती निरोगी नोड विनाकारण तोडले गेले, तो आकडा अहवालात छापला जायला हवा.