कॅमेरा रोटेटर घ्यावा का?

देवयानी दीर्घिका आकाशात जवळपास ३ अंश लांब आणि १ अंश रुंद आहे. ४०० मिमी फोकल लांबीच्या दुर्बिणीला एपीएस-सी कॅमेरा लावला, की साधारण ३.४ × २.२ अंशांची चौकट मिळते. दीर्घिका लांब बाजूला समांतर बसवली तर पूर्ण मावते, नाहीतर टोकं कापली जातात. इथे कॅमेरा हव्या त्या कोनात फिरवणारा रोटेटर कामी येतो.

फायदे
✅ मोटरवाला असेल तर दुर्बिणीला हात न लावता हवा तो कोन मिळतो.
✅ प्लेट सॉल्व्हिंगच्या जोडीने दुसऱ्या रात्रीही तोच कोन साधतो. मोझेकसाठी ही मोठी सोय.
✅ ऑफ-अ‍ॅक्सिस गायडरला तारा सापडत नसेल तर कोन बदलून पाहता येतो.

तोटे
❌ बॅकफोकसमधली जागा खातो. बऱ्याच फ्लॅटनरना सेन्सरपर्यंत ५५ मिमी अंतर लागतं, म्हणून आधी हिशेब करा.
❌ जोड सैल असेल तर टिल्ट येतो आणि एखाद्या कोपऱ्यातले तारे लांबट दिसतात.
❌ कोन बदलला की फ्लॅट फ्रेम्स नव्याने घ्याव्या लागतात.
❌ केबल अडकण्याची भीती, शिवाय वजन आणि खर्च वाढतो.

माझं मत: रात्रभर एकच लक्ष्य टिपणार असाल तर अंशांच्या खुणा असलेला, हाताने फिरवायचा रोटेटर पुरेसा आहे. दुर्बीण दूरवरून चालवत असाल, तर मात्र मोटरवाला जरूर घ्या.