दोन हजार यार्ड आणि पुढचे पाच जण

फेब्रुवारी २०२५ मधल्या सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा, निकाल एव्हाना सर्वांना ठाऊक आहे: फिलाडेल्फिया ईगल्स ४०, कॅन्सस सिटी चीफ्स २२. सलग तिसऱ्या विजेतेपदाच्या तयारीने न्यू ऑर्लिन्सला उतरलेल्या कॅन्सस सिटीची मध्यंतरालाच ०-२४ अशी दैना झाली होती. पुढच्या शुक्रवारी फिलाडेल्फियात विजयाची मिरवणूकही निघाली. सामन्याचा मानकरी ठरला चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स; पण हंगामाचा नायक म्हणून सगळीकडे एकच नाव घेतलं गेलं, सेक्वॉन बार्कली.

बार्कलीची गोष्ट आहेच तशी चटकदार. सहा वर्षं न्यूयॉर्क जायंट्सकडे खेळलेल्या या रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला, २०२४ मध्ये संघाने जाऊ दिलं आणि तो शेजारच्या हाडवैऱ्याकडे, ईगल्सकडे गेला. तो फिलाडेल्फियाला गेला तर आपली झोप उडेल, असं जायंट्सचे मालक जॉन मारा म्हणत असल्याचं चित्रण पुढे टीव्हीवरच आलं. झोप उडायला कारणही मिळालं. बार्कलीने साखळीत २,००५ यार्ड धाव घेतली. एका हंगामात दोन हजारांपलीकडे गेलेला तो केवळ नववा. बाद फेरीसह आकडा गेला २,५०४ वर, म्हणजे टेरेल डेव्हिसचा १९९८ चा विक्रमही मागे पडला.

यावरून निघालेला निष्कर्ष असा: रनिंग बॅकला किंमत नाही, हा बाजाराचा समज खोटा ठरला. जायंट्स मूर्ख, ईगल्स शहाणे. मला हा हिशेब अर्धाच वाटतो.

समज काय होता? सामने पासवर जिंकले जातात, धावणारे तिशीच्या आतच झिजतात, मग त्यांच्यावर पैसा का घालायचा? म्हणून हर्ट्सला पाच वर्षांचे साडेपंचवीस कोटी डॉलर, तर बार्कलीला तीन वर्षांचे जेमतेम पावणेचार कोटी. आता पुढचे आकडे पाहा. २०२३ मध्ये जायंट्सकडून बार्कलीची सरासरी होती प्रत्येक धावेला ३.९ यार्ड. फिलाडेल्फियात ती झाली ५.८. वर्षभरात माणसाचे पाय इतके बदलत नाहीत. बदलली ती त्याच्या पुढ्यातली माणसं. अर्थात सगळं श्रेय त्यांचंच असं म्हणायचीही सोय नाही. त्याच्याआधी याच जागी धावणाऱ्या डी'आंद्रे स्विफ्टची सरासरी ४.६ होती. म्हणजे भिंतीने वाट काढली आणि त्या वाटेचं सोनं बार्कलीने केलं.

ही भिंत म्हणजे पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन. त्यांची नावं जर्सीवर फारसं कोणी मिरवत नाही. चेंडू त्यांच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही. चूक झाली तरच कॅमेरा त्यांच्याकडे वळतो. मार्च २०२४ मध्ये या भिंतीचा मधला खांब जेसन केल्सी निवृत्त झाला. भिंत खचेल असं भाकीत होतं. ती खचली नाही, याचं कारण जेफ स्टाउटलंड.

स्टाउटलंड २०१३ मध्ये ईगल्सच्या लाइनचे प्रशिक्षक झाले. मुख्य प्रशिक्षक आले-गेले, हे तिथेच राहिले. त्यांचा सर्वांत अचाट विद्यार्थी जॉर्डन मायलाटा. सिडनीत वाढलेला, सामोअन आईवडिलांचा हा सहा फूट आठ इंची मुलगा रग्बी लीग खेळायचा. २०१८ मध्ये नवोदितांच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, ईगल्सने त्याला शेवटच्या, सातव्या फेरीत उचललं, तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. स्टाउटलंडनी त्याला पाय कुठे ठेवायचा, हात कधी मारायचा, इथपासून शिकवलं. पुढे लीगमधल्या उत्तम लेफ्ट टॅकल्समध्ये, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाच्या खेळाडूंमध्ये, त्याची गणना होऊ लागली. टीव्हीवर खेळाडू आपापल्या कॉलेजचं नाव सांगतात तेव्हा हा गडी ऐटीत सांगतो, 'जेफ स्टाउटलंड युनिव्हर्सिटी'. दुसरा मेकाय बेक्टन. न्यूयॉर्क जेट्सने २०२० मध्ये पहिल्याच फेरीत घेतलेला. पुढे दुखापतींनी ग्रासलेला आणि जवळजवळ मोडीत निघालेला. ईगल्सने त्याला एका वर्षाच्या करारावर आणलं, टोकाच्या टॅकलचा आतल्या बाजूचा गार्ड केला आणि तो संघात रुजला.

अंतिम सामन्याने हेच उलट बाजूने दाखवलं. चीफ्सनी बार्कलीला रोखलं. २५ धावांत त्याला अवघे ५७ यार्ड मिळाले. तरीही ईगल्सनी एकतर्फी विजय मिळवला, कारण तीच भिंत हर्ट्सला चेंडू फेकायला निवांत वेळ देत होती. पलीकडे चीफ्सचा डाव्या टोकाचा जो थूनी मूळचा गार्ड. भरवशाचा टॅकल सापडेना म्हणून डिसेंबरपासून तिथे उभा केलेला. ईगल्सचे बचाव प्रशिक्षक विक फँजिओ यांनी पॅट्रिक महोम्सवर एकदाही जादा माणसं सोडली नाहीत. नेहमीच्या चौघांनीच त्याला सहा वेळा आडवा केला. पूर्वार्धात चीफ्सची मजल २३ यार्ड! महोम्ससारख्या जादूगाराचाही पुढची फळी फाटली की असा निरुपाय होतो.

एकट्याच्या आकड्यापेक्षा संघ मोठा, हे बार्कलीलाही कळत असावं. साखळीच्या शेवटच्या सामन्यात एरिक डिकरसनचा १९८४ चा २,१०५ यार्डांचा विक्रम मोडायला त्याला १०१ यार्ड हवे होते, आणि समोर होते नेमके जायंट्स. बाद फेरीतली जागा आधीच ठरल्याने प्रशिक्षक निक सिरियानी यांनी मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली. बार्कली मैदानात उतरला नाही. पुढे बाद फेरीत रॅम्सविरुद्ध बर्फात काढलेल्या २०५ यार्डांनी त्या निर्णयाचं मोल वसूल झालं.

मार्च २०२५ मध्ये खेळाडूंचा बाजार पुन्हा उघडणार होता. प्रत्येक रनिंग बॅकचा एजंट बार्कलीचं नाव पुढे करून भाव वाढवून मागणार, आणि काही मालक हौसेने देणारही, हे दिसतच होतं. पण याच बाजारात मेकाय बेक्टनही उभा असणार होता, त्याचा करार संपत होता. कोणत्या संघाने त्या हंगामातून काय घेतलं हे पाहायचं असेल, तर रनिंग बॅकसाठीची आणि लाइनमधल्या खेळाडूंसाठीची, या दोन रांगांपैकी कोणत्या रांगेत कोण उभं होतं ते बघावं. माझा अंदाज होता, पहिली रांगच लांब असेल.