उकिरड्याचे पांग चार महिन्यांत!

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या एका गांधीवादी कार्यकर्त्याने ते तीन-चार महिन्यांत फेडून दाखविले! त्यांचे नाव नारायण देवराव पांढरीपांडे. नावाच्या आद्याक्षरांवरूनच त्यांची खतपद्धत 'नाडेप' म्हणून ओळखली जाते.

कृती अगदी साधी. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधावयाचे. हवा खेळावी म्हणून भिंतींत भोके ठेवावयाची. आत पालापाचोळा, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असे थर रचून वरून शेणमातीने लिंपावयाचे. शेण लागते १०० किलोच्या आसपास; खत निघते सुमारे ३ टन!

यातून मी नगरपालिकांना एकच गोष्ट सुचवीन. कचऱ्यावरचा बराचसा पैसा तो गावाबाहेर वाहून नेण्यातच जातो. ओला कचरा दारातच वेगळा निघाला, तर वॉर्डातल्या टाक्यातच जिरेल आणि गाडीच्या खेपा वाचतील. २०१६ च्या नियमांनी तसे बंधनही घातले. पण टाक्यात काच-प्लॅस्टिक शिरले, की ते खतात तसेच उरते. तसले खत कपाशीच्या रानात कोण पसरील? तेव्हा वाचकहो, टाके पालिका बांधील. निवड मात्र आपल्या घरातच व्हावयास हवी.