वल्हे कुणाच्या हाती?

होडी म्हटले की कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला महापूर आठवतो. २००५ चा, २०१९ चा, २०२१ चा. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि डोळ्यांदेखत अनेकांचा जीव गेला. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. गावकुसाबाहेरच्या, ओढ्याकाठच्या वस्त्यांत पाणी आधी शिरते हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण त्या वस्त्यांतल्या किती तरुणांना होडी वल्हवता येते? किती जणांना पोहता येते? हा प्रश्न आपण कधी स्वतःला विचारला आहे काय?

पोटापाण्याचे प्रश्न सुटले नाहीत आणि हा गृहस्थ होड्या वल्हवायला सांगतो, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. पाण्यापासून आपल्याला दूर कुणी ठेवले, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे. खेड्यातले पोर पाठीला भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकते. पण विहीर कुणाची? जिथे घागर बुडवायची सोय नव्हती, तिथे अंग बुडवण्याची बातच नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि सनातन्यांनी ते तळे शेण-गोमूत्राने 'शुद्ध' करून घेतले. ज्या समाजाला पाण्याला हात लावायला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजात पाण्याची भीती पिढ्यान्‌पिढ्या उतरली तर त्यात नवल काय?

ही भीती जाते. ती कशी जाते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याचे तळेगाव रोही हे पाण्यासाठी तहानलेले गाव. तिथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जात असे. वडील वारले, घराचा भार अंगावर आला, पेट्रोल पंपावरही राबावे लागले. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला आणि पुण्याला आला. तिथे त्याची उंची पाहून प्रशिक्षकाने त्याला रोइंगकडे वळवले. त्याने पूर्वी होडी वल्हवलेली नव्हती, उलट पाण्याला तो घाबरत असे. चार वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये, एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत तो तेरावा आला. भारताकडून रोइंगमध्ये तो एकटाच होता. त्याची आई तेव्हा अपघातानंतर रुग्णालयात होती. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीतून त्याने सुवर्णपदक आणले. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. विहिरीच्या तळाशी राबणाऱ्याला चार वर्षांत जगाच्या पाण्यावर उभे राहता येते. मात्र त्यासाठी सैन्याचे दार उघडावे लागले. गावाजवळ एखादे दार असते तर?

हा खेळ मुळात क्लबवाल्यांचा. इंग्रज साहेब आले आणि कलकत्त्याला, पुण्याच्या संगमावर बोट क्लब निघाले. खुद्द इंग्लंडमध्ये काय होते ते ऐकण्यासारखे आहे. हेन्लीच्या सुप्रसिद्ध शर्यतीचा नियमच होता की, कारागीर, मजूर, हाताने काम करून पोट भरणारा माणूस 'हौशी' खेळाडू ठरत नाही. म्हणजे ज्याचे हात कामाने घट्ट झाले त्याने वल्हे धरायचे नाही! १९२० साली फिलाडेल्फियाचा जॉन केली या गवंड्याने तिथे नाव दिले, तेव्हा त्याला नाकारण्यात आले. त्याच्या क्लबवर आधीची बंदी होती हेही एक कारण होते. पण त्याच्या गवंडीकामाचा ठपकाही तिथल्या कागदोपत्री नोंदला गेला. त्याच उन्हाळ्यात अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये केलीने इंग्लंडच्या बेरेसफर्डला हरवून सुवर्णपदक घेतले. १९३६ साली ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांच्या संघालाही हेन्लीने मजूर म्हणून बाहेर ठेवले. त्यावर एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी नियमच बदलावा लागला. १९४७ साली केलीचा मुलगा तीच हेन्लीची शर्यत जिंकला.

हे १९२० साल आपल्या ओळखीचे आहे. त्याच वर्षी मार्च महिन्यात कागल जहागिरीतल्या माणगावात परिषद भरली आणि राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांना समाजाचे पुढारी म्हणून गौरवले. एकीकडे माणगाव, दुसरीकडे हेन्ली. जात म्हणा, वर्ग म्हणा, काठावर उभा राहून आत कुणी यायचे ते ठरवणारा माणूस सगळीकडे सारखाच असतो. पुण्याच्या मैदानावर पळवणकर बाळूंची गोलंदाजी हवी होती, पण चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात.

आता मुरगूडकडे येऊ. कागल तालुक्यातले हे गाव. शेजारून वेदगंगा वाहते आणि सर पिराजीराव तलाव गावाचे भूषण आहे. मुरगूडची ख्याती कुस्तीची. रोइंगचा विचार अशाच गावात व्हायला हवा, कारण वल्हवणे हे दंडांचे काम आहे ही समजूतच चुकीची आहे. शर्यतीच्या होडीत बसायची पाटी रुळावर पुढे-मागे सरकते. पाय समोरच्या फळीला बांधलेले असतात. गुडघे दुमडून पुढे सरकायचे, वल्ह्याचे पाते पाण्यात उभे घालायचे आणि पायांनी फळी रेटायची. पाय सरळ होत आले की पाठ, आणि शेवटी हात. म्हणजे ही आडवी बैठकच! ज्या पोराने तालमीत पाचशे बैठका मारल्या त्याचे अर्धे शिक्षण झालेले असते. नवशिका पहिल्या दिवशी हातांनी ओढत सुटतो आणि दहा मिनिटांत दमून जातो.

आणखी गंमत अशी, की वल्हवणारा मुक्कामाकडे पाठ करून बसतो. मागे राहिलेला काठ त्याला दिसतो, पुढचे दिसत नाही. मधूनमधून मान वळवून पाहावे लागते. एकट्याची शर्यतीची होडी सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब, चौदा-पंधरा किलो वजनाची आणि रुंदीला जेमतेम माणूस मावेल एवढी. ती स्वतःहून तोल सांभाळत नाही, दोन्हीकडची वल्ही पाण्यावर आडवी ठेवली की ती डोंबाऱ्याच्या काठीसारखा तोल सांभाळतात. म्हणून पहिला धडा हा, की काही झाले तरी वल्ह्याच्या मुठी सोडायच्या नाहीत. दुसरा धडा, पाते पाण्यात तिरपे गेले की ते खाली खेचले जाते आणि मूठ छातीवर आदळते, तेव्हा पाते उभेच गेले पाहिजे आणि बाहेर निघाले की आडवे झाले पाहिजे. तिसरा, होडी उलटली तर काठाकडे पोहत सुटायचे नाही, होडीला धरून राहायचे. होडी तरंगते. हा तिसरा धडा पुराच्या वेळी कामाला येतो.

अर्थात शर्यतीची होडी महाग असते आणि नवशिक्याला ती नकोच. रुंद बुडाची फायबरची एखादी होडी, अंगात घालायची लाइफ जॅकेटे, काठावर सराव करायला एक रोइंग मशिन आणि पोहता येणारा शिकवणारा एवढे सुरुवातीला पुरे. शर्यतीला दोन हजार मीटर सरळ पाणी लागते, शिकायला दोन-तीनशे मीटर शांत पाणी चालते. एका होडीवर पाळीपाळीने तीस-चाळीस मुले शिकू शकतात. हे खाजगी क्लबाकडे सोपवले की फी येते, ओळख येते, शिफारस येते आणि आपली पोरे पुन्हा काठावर उभी राहतात. तालीम जशी गावाची असते, तशी होडी नगरपरिषदेची असली पाहिजे.

पाण्याचे कारण पुढे करणारे भेटतील. वल्ह्याच्या होडीला इंजिन नसते, तेल गळत नाही. माणसाच्या स्पर्शाने तळे बाटते हा युक्तिवाद आपण महाडला ऐकलेला आहे.

मुलींना तर यातून वगळूच नये. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचे रोइंग १९७६ साली आले, पुरुषांच्या कितीतरी नंतर. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. कबड्डी-क्रिकेटसाठी हजारो मुले धावतात, होडीकडे वळणारी थोडी. उंच मुलाला या खेळात फायदा असतो हे खरे. म्हणून प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्याने उंच, लांब हातापायांची मुले-मुली हेरावीत, आधी त्यांना पोहायला शिकवावे, आणि त्यांची नावे घेऊन नगरपरिषदेत व जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी. पोच घ्यावी. पावसाळ्यात नवशिक्याला पाण्यावर नेऊ नये. दिवाळीनंतर, सकाळी वारा सुटण्याआधीची वेळ शिकायला चांगली.