गोखरूच्या काढ्यावर किती भरवसा ठेवायचा?

“ताई, लघवीला लई आग होते. सासूबाईंनी गोखरूचा काढा दिलाय. घेऊ ना?”

वस्तीत बीपी तपासायला बसलो की हा प्रश्न हमखास येतो, तोही हळू आवाजात. या त्रासाबद्दल बोलायला आपल्या बाया लाजतात. म्हणून आज मोकळेपणाने बोलू.

गोखरू म्हणजे आपला सराटा. माळावर, रस्त्याकडेला जमिनीसरपट पसरतो. फूल पिवळे, पाच पाकळ्यांचे. फळ इतके काटेरी की अनवाणी पायात रुतते, सायकल पंक्चर करते. हेच वाळलेले फळ जडीबुटीच्या दुकानात मिळते. लघवी साफ होण्यासाठी ते पिढ्यानपिढ्या वापरात आहे. चरकसंहितेतही लघवी वाढवणाऱ्या औषधींत त्याचे नाव आहे. मात्र ‘मोठे गोखरू’ ही वेगळी वनस्पती आहे. तिची ताजी फांदी पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होते. म्हणून घेताना नीट विचारून घ्या.

आता आग का होते ते पाहू. बहुतेक वेळा शौचाच्या जागेतले जंतू लघवीच्या मार्गात शिरतात. बाईचा हा मार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, म्हणून जंतू पटकन मूत्राशयात पोहोचतात. मग सारखी लघवीला लागते, थेंब थेंब होते, आग होते, ओटीपोट दुखते. यात बाईच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. हे सासूबाईंनाही सांगा आणि नवऱ्यालाही.

काढ्याबरोबर पोटात पाणी जाते, लघवी जास्त होते, थोडे बरे वाटते. पण त्याने जंतुसंसर्ग बरा होतो, हे माणसांवरच्या भक्कम अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. आमच्या ओळखीच्या एका बाईने आठ दिवस नुसता काढा घेतला. आग कमी झाली म्हणून ती निर्धास्त राहिली. नवव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, कंबर धरली. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले होते. पाच दिवस सलाईनवर काढावे लागले, घरातली मजुरी बुडाली ती वेगळीच.

म्हणून आम्ही सांगतो, आधी लघवी तपासा, मग काढ्याचा विचार करा. सरकारी दवाखान्यात ही साधी तपासणी होते. लघवी देताना पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत घ्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर बरे वाटले तरी कोर्स पुरा करा. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. पुन्हा पुन्हा त्रास होत असेल तर साखरही तपासा.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलटी, लघवीतून रक्त, लघवी अडणे, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाईने त्रास नसला तरी लघवी तपासावी. काही वेळा संसर्ग आतच लपलेला असतो आणि त्यामुळे दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकते.

गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी गोखरू स्वतःच्या मनाने घेऊ नये. ज्यांना घ्यायचेच आहे त्यांनी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारावे, आणि काढा घेतो हे दवाखान्यात लपवू नये.

रोजच्या सवयी साध्या आहेत. भरपूर पाणी प्या. लघवी तुंबवू नका. शौचानंतर पुढून मागे धुवा. संबंधानंतर लघवीला जा.

पण लघवी तुंबवू नका, असे सांगताना आम्हालाच अवघडल्यासारखे होते. सार्वजनिक संडासाला सकाळी रांग, रात्री अंधार, दाराला कडी नाही. म्हणून बाया संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. या दुखण्याचे मूळ बऱ्याचदा इथेच असते, आणि त्यावर कुठलाही काढा चालत नाही. दिवा, कडी आणि नळाला पाणी, एवढ्या तीन मागण्यांचा अर्ज महिला मंडळाने सह्या करून वॉर्ड कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. अर्ज लिहायला आम्ही येऊ.