पटकथेचे पान आणि लेखककक्ष : अमेरिकी दूरचित्रवाणी-लेखनाची कार्यपद्धती

पटकथा हा साहित्यप्रकार मानावा की निर्मितीप्रक्रियेतील एक दस्तऐवज, हा प्रश्न माध्यमलेखनाच्या अध्यापनात वारंवार उपस्थित होतो. अध्यापनात बहुधा पहिली बाजू स्वीकारली जाते, आणि मांडणीचे संकेत शेवटच्या तासिकेत शिष्टाचाराचे नियम म्हणून सांगून टाकले जातात. वस्तुतः हे संकेत शोभेचे नाहीत. वेळ, पैसा आणि श्रम यांचा हिशेब पानावरच मांडता यावा या गरजेतून ते घडले आहेत. प्रस्तुत लेखात अमेरिकी दूरचित्रवाणीच्या संदर्भात या संकेतांचा आणि त्यांच्यामागील सामूहिक लेखनव्यवस्थेचा विचार केला आहे.

अमेरिकी पटकथा बारा पॉइंट कुरिअर या टंकात लिहिली जाते. हॉवर्ड केटलर यांनी १९५० च्या दशकात आयबीएमच्या टंकलेखन यंत्रांसाठी आखलेल्या या टंकात प्रत्येक अक्षर सारखीच जागा व्यापते. एका इंचात १० अक्षरे आणि उभ्या इंचात ६ ओळी बसतात. डावीकडे दीड इंचाचा समास असतो, तो पाने छिद्रे पाडून बांधण्यासाठी. संवाद मधल्या अरुंद पट्ट्यात येतात. प्रत्येक दृश्याच्या शीर्षओळीत अंतर्गत की बाह्य, स्थळ आणि वेळ एवढेच सांगितले जाते. या काटेकोरपणामुळे एक पान म्हणजे पडद्यावरचा सुमारे एक मिनिट असा ठोकताळा बांधता येतो. तो सरासरीने खरा ठरतो, एकेका पानाला नव्हे. संवादप्रधान पान झरझर सरते, तर दोन ओळींत वर्णिलेली लढाई पाच मिनिटे चालू शकते.

चित्रीकरणाचे वेळापत्रक आखताना प्रत्येक पानाचे आठ भाग कल्पिले जातात आणि दृश्याची लांबी ‘दोन पाने तीन अष्टमांश’ अशी मोजली जाते. संहिता निर्मितीत गेली की दृश्यांना क्रमांक मिळतात व पृष्ठांकन गोठवले जाते. पुढे ४५ व्या पानावर मजकूर वाढला, तर ४६ वे पान सरकत नाही; मध्ये ‘४५अ’ घातले जाते. प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या रंगाच्या कागदावर निघते. पांढऱ्यानंतर निळा, गुलाबी, पिवळा, हिरवा असा क्रम रूढ असून बदललेल्या ओळीसमोर समासात तारांकन असते. प्रकाशयोजनाकार, वेशभूषाकार आणि नट यांच्या हातांत एकाच वेळी एकच संहिता असावी, एवढाच यामागील उद्देश.

प्रेक्षकांसमोर अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित होणाऱ्या विनोदी मालिकांची मांडणी मात्र निराळी असते. १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘आय लव्ह ल्यूसी’ने ही चित्रीकरणपद्धती रुजवली. अशा संहितेत संवाद दुहेरी अंतराने आणि कृतिवर्णने मोठ्या लिपीत टंकली जातात. पान सुमारे अर्ध्या मिनिटाचे होते, आणि बावीस मिनिटांच्या भागासाठी चाळीसहून अधिक पाने लागतात. मोकळी जागा व्यर्थ नसते. तालमीच्या आठवड्यात रोज बदलणारे विनोद तिथेच लिहिले जातात.

लेखककक्ष

हे विनोद एकट्या लेखकाचे नसतात. १९५० ते १९५४ या काळातील ‘युअर शो ऑफ शोज’च्या लेखकवर्गात मेल ब्रूक्स, नील सायमन यांच्यासारखी माणसे एका खोलीत बसून लिहीत. त्या कार्यक्रमातील कलावंत कार्ल रायनर यांनी पुढे ‘द डिक व्हॅन डाइक शो’ (१९६१–६६) या मालिकेचा नायकच विनोदी कार्यक्रमाचा लेखक केला. याउलट ब्रिटनमध्ये ‘फॉल्टी टॉवर्स’चे सर्व बारा भाग (१९७५ व १९७९) जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनीच लिहिले. बावीस भागांच्या अमेरिकी हंगामाला असा ऐषाराम परवडणारा नव्हता.

कक्षाच्या शिरोभागी शोरनर असतो. लेखन आणि निर्मिती या दोहोंची अंतिम जबाबदारी त्याची. तळाशी स्टाफ रायटर, त्यावर स्टोरी एडिटर आणि मग निर्मात्यांच्या चढत्या पदव्या अशी उतरंड असते. यांतील बरेच ‘निर्माते’ प्रत्यक्षात लेखकच असतात, हे श्रेयनामावली वाचताना विसरता कामा नये. भागाचे कथानक सर्वजण मिळून फळ्यावर दृश्यागणिक उभे करतात. मग एक लेखक आराखडा व पहिला खर्डा लिहितो. त्यावर कक्षात सूचना होतात आणि पुष्कळदा शोरनर संपूर्ण पुनर्लेखन करतो. तरीही श्रेय सामान्यतः पहिल्या लेखकाकडे राहते. श्रेयाची भाषाही सूक्ष्म आहे : दोन नावांमध्ये अँपरसँडचे चिन्ह असेल तर ती लेखकजोडी, ‘आणि’ हा शब्द असेल तर दोघांनी स्वतंत्रपणे काम केलेले.

ही उतरंड म्हणजे एक प्रकारची उमेदवारीच होती. कनिष्ठ लेखक आपल्या भागाच्या चित्रीकरणाला हजर राही आणि निर्मिती शिकत असे. आठ-दहा भागांच्या स्ट्रीमिंग मालिकांनी ही साखळी तोडली. मोजके लेखक काही आठवडे नेमायचे आणि चित्रीकरणापूर्वीच मोकळे करायचे, अशा ‘मिनी रूम’ रूढ झाल्या. २ मे ते २७ सप्टेंबर २०२३ या १४८ दिवसांच्या संपात हा कळीचा मुद्दा होता. संपानंतरच्या करारात किमान लेखकसंख्या ठरली : सहा भागांपर्यंत तीन, सात ते बारा भागांसाठी पाच, तेरा वा अधिक भागांसाठी सहा. सर्व भाग एकच लेखक लिहीत असल्यास मात्र हे बंधन नाही. पूर्वी स्टाफ रायटरच्या संहितेचे मानधन त्याच्या साप्ताहिक वेतनातच धरले जाई. ते स्वतंत्रपणे देण्याचेही या करारात मान्य झाले.

मराठी मालिकांत श्रमविभागणी वेगळ्या रेषेने होते. कथा, पटकथा आणि संवाद यांची श्रेये अनेकदा भिन्न व्यक्तींची असतात. मांडणीच्या संकेतांचे स्थलांतर तर त्याहून अवघड आहे. देवनागरीत मोठी लिपी नाही. त्यामुळे पात्राचे नाव आणि दृश्यशीर्षक ठळक टंकाने किंवा अधोरेखनाने वेगळे दाखवावे लागते. जोडाक्षरांमुळे अक्षरांची रुंदी सारखी राहत नाही, आणि वरखालच्या मात्रा-वेलांट्या-उकारांना ओळींत अधिक अंतर लागते. परिणामी एका पानाला एक मिनिट हा ठोकताळा मराठी पानाला जसाच्या तसा लागू होत नाही. मराठी पानाचे प्रमाण टंक व ओळीतील अंतर निश्चित करून, संहिता मोठ्याने वाचून आणि घड्याळ लावून स्वतंत्रपणेच काढावे लागते.